चार नावांतलं आडनाव कोणतं? गोथेनबर्गच्या परिषदेला जाऊन आले त्याची हकीकत

दिवाळीनंतर तीन वेगवेगळ्या जणींचे फोन आले. दोघी नागपुरातल्याच कॉलेजांच्या, एक अमरावतीची. प्रश्न एकच: "मॅडम, तुम्ही त्या युरोपच्या परिषदेला जाऊन आल्या ना, आम्हाला जमेल का?" प्रत्येकीशी तासभर बोलले आणि प्रत्येकीला काहीतरी सांगायचं राहिलंच. म्हणून आंतरराष्ट्रीय शिक्षणावरच्या त्या परिषदेला मी कशी पोहोचले, हे लिहून ठेवतेय.

मी नागपुरातल्या एका विद्यापीठात कक्ष अधिकारी आहे. एकोणीस वर्षं नोकरी, त्यातली चौदा परीक्षा विभागात. २०२३ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात बदली झाली. २०२०च्या शैक्षणिक धोरणात, परदेशी विद्यार्थी असतील त्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी कार्यालय हवं असं आलं, २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, मार्गदर्शक सूचना आल्या, आणि आमच्याकडे जिन्याखालच्या खोलीवर पाटी लागली. तीन टेबलं, एक प्रिंटर. बाहेरून येणाऱ्या मुलांची कागदपत्रं, पोलिसांकडची त्यांची नोंदणी, आणि आपल्या पोरांच्या बाहेर जाणाऱ्या ट्रान्सस्क्रिप्ट हे आमचं काम. जर्मनीला जाणाऱ्या मुलांना नोव्हेंबर २०२२ पासून, शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या एपीएस केंद्राचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं, तेव्हापासून खिडकीवरची गर्दी हटलेलीच नाही.

युरोपियन असोसिएशन फॉर इंटरनॅशनल एज्युकेशन, म्हणजे ईएआयई, ही आंतरराष्ट्रीय शिक्षणाचं काम बघणाऱ्यांची संस्था १९८९ची, कार्यालय ॲम्स्टरडॅमला. दर सप्टेंबरात वेगळ्या शहरात परिषद भरवते. २०२४ मध्ये फ्रान्सात तुलूझला झाली, २०२५ची स्वीडनमध्ये गोथेनबर्गला ९ ते १२ सप्टेंबर. अशा ठिकाणी आमच्याकडून प्राध्यापक मंडळीच जातात. जानेवारीत आमचे संचालक सर म्हणाले, "या वेळी तुम्ही चला. करारावर सही मी करतो, पण कागद तुम्ही सांभाळता. तिकडे टेबलापलीकडे तुमच्यासारखीच माणसं बसलेली असतात." मला वाटलं थट्टा करतायत. १७ फेब्रुवारीला त्यांनी टिपणी लिहायला सांगितली तेव्हा कळलं, थट्टा नाही.

फाईल

पहिली टिपणी मीच लिहिली आणि मीच चुकले. "परिषदेस उपस्थित राहण्यास मान्यता मिळावी" एवढंच लिहिलं. फाईल नऊ दिवसांनी परत: कोणत्या लेखाशीर्षातून? खर्चाचा तपशील काय? शिक्षकेतर कर्मचाऱ्याने जाण्याचं प्रयोजन काय? शेवटच्या प्रश्नाचा आधी राग आला, मग वाटलं विचारणाऱ्याचंही बरोबर आहे, याआधी कोणी गेलंच नव्हतं. दुसऱ्या टिपणीत कक्षाकडे वर्षभरात आलेली प्रकरणं, त्यातली नाव, क्रेडिट (अभ्यासक्रमाचे श्रेयांक) आणि गुणपत्रिकेच्या घोळामुळे अडकलेली किती, हे आवक-जावक नोंदवहीतून काढून लावलं. हेच चाललं. प्रयोजन म्हणून "ज्ञानवृद्धी" लिहू नका. अडलेली कामं लिहा.

तोवर मार्च एंड आला. मार्चमध्ये नवीन खर्चाची फाईल हलवायला सांगणं म्हणजे लग्नघरात आचाऱ्याला चहा मागणं. एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष, नवं टोकन, तीच फाईल. कुलगुरूंची मान्यता मिळाली २१ मे रोजी. नोंदणी आणि विमानभाडं विद्यापीठ देणार, बाकी नियमानुसार. हा "नियमानुसार" शब्द लक्षात ठेवा, पुढे छळणार आहे.

या काळात वाया न घालवलेली एकच गोष्ट म्हणजे पासपोर्ट. माझ्याकडे नव्हता. विद्यापीठाच्या कर्मचाऱ्याला ना-हरकत प्रमाणपत्र आणावं लागतं असं सगळे सांगत होते, पण आपण कार्यालयाला फक्त पूर्वसूचना देऊन तिची प्रत जोडली तरी चालते. तो नमुना म्हणजे ॲनेक्शर एच. ना-हरकतीचा ॲनेक्शर जी. जी साठी कोणाची तरी सही लागते, एच साठी फक्त आपली. शुल्क १५०० रुपये. घोळ नावाचा झाला. दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव, सेवापुस्तकात सासरचं, आधारवर सासरचंच पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेवलेलं होतं म्हणून सुटले. पोलिस पडताळणीला उशीर झाला, मार्चच्या मध्यात शहराच्या काही भागांत संचारबंदी होती आणि ठाण्यातल्या माणसांना माझ्या घराची बेल वाजवण्यापेक्षा महत्त्वाची कामं होती. पासपोर्ट हातात आला ९ एप्रिलला.

पैसे बाहेर पाठवणं

नोंदणीचं शुल्क माझ्या हाती पडणाऱ्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त होतं. लवकर नोंदणी केली तर सवलत, आणि मान्यता आली तेव्हा ती मुदत संपायला थोडेच दिवस उरलेले. लेखा विभागाने विचारलं, "धनादेश कोणाच्या नावे?" युरोमध्ये धनादेश नाही चालत म्हटल्यावर शांतता. बँकेतून पाठवायचं तर परदेशी पैसे पाठवायचा ए-२ अर्ज आणि आयकराचे १५सीए, १५सीबी हे नमुने हवेत असं बँकेने सांगितलं. १५सीए म्हणजे पैसे पाठवणाऱ्याचं निवेदन, १५सीबी म्हणजे सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र. लेखापाल म्हणाले पुढच्या आठवड्यात. नंतर कळलं की वर्षातली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर १५सीएचा पहिला भाग पुरायचा, सीबी लागायचं नाही. तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही बँकेला आधीच विचारा.

शेवटी सरांनी स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून दोघांची नोंदणी केली. तेही पहिल्या झटक्यात नाही. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतो, ॲपमध्ये जाऊन चालू करावा लागतो, मर्यादा वाढवावी लागते. वर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनासाठी बँकेचं जादा शुल्क, आणि त्या मार्कअपवर जीएसटी. प्रतिपूर्तीच्या वेळी लेखा विभागाने मूळ रक्कम दिली आणि मार्कअपसमोर लिहिलं, "अनुज्ञेय नाही." सर हसले. मी त्यांच्या जागी असते तर हसले नसते. तुमच्या टिपणीत "विनिमय दरातील फरक व बँक शुल्कासह" हे शब्द आधीच घालून घ्या. कार्योत्तर मान्यता मागायला गेलात तर वर्ष जाईल.

व्हिसा

आमचं विमान कोपनहेगनला उतरणार होतं आणि तिथून रेल्वेने गोथेनबर्ग. मग डेन्मार्कचा व्हिसा की स्वीडनचा? ऑफिसात यावर दोन गट पडले होते. उत्तर सोपं आहे: शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, जिथे मुख्य मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. आधी पाऊल कुठे पडतं हा प्रश्न मुक्काम सगळीकडे सारखाच असेल तेव्हाच येतो.

नागपूरकरांना बोटांचे ठसे द्यायला बाहेरगावी जावंच लागतं. आम्ही १४ जुलैच्या रात्रीची दुरांतो पकडली, १५ला सकाळी मुंबई. कागद असे: ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा, बँकेच्या शिक्क्याचे खातेउतारे, आयकर विवरणपत्रं, पगारपत्रकं, परिषदेच्या नोंदणीची पावती, हॉटेल आणि तिकिटाचं आरक्षण. स्वीडन माणशी रोजचे ४५० क्रोना दाखवायला सांगतं. एक क्रोना म्हणजे तेव्हा नऊ-साडेनऊ रुपये, त्यामुळे खात्यात ते होते. फी ९० युरो, जून २०२४ पर्यंत ८० होती. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

माझी फाईल टॅग लावून, क्रमांक घालून, परीक्षा विभागाच्या शिस्तीत. काउंटरवरच्या मुलीने कार्यालयाचं पत्र वाचलं आणि विचारलं, "मॅम, खर्च कोण करणार आहे?"

"विद्यापीठ."

"इथे लिहिलंय, खर्च नियमानुसार करण्यात येईल. नियमानुसार म्हणजे कोण?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. नियमानुसार म्हणजे नियमानुसार! पण इंग्रजीत वाचलं तर खरंच त्या वाक्यात पैसे देणारा कोणीच नव्हता. नागपूरला फोन लावला. कुलसचिव बैठकीत. आमच्या कक्षातल्या पोराने नवं पत्र टाइप केलं, बैठकीच्या दाराबाहेर उभा राहिला, चहा आत गेला त्याच्या मागोमाग हा आत शिरला आणि सही घेऊन आला. पावणेदोन तासांनी ईमेलवर स्कॅन आलं. खालच्या झेरॉक्सवाल्याने एका पानाचे वीस रुपये घेतले, मी पन्नासही दिले असते. तर पत्रात नाव, पद, पगार, रजा नसून कर्तव्यार्थ प्रवास आहे, आणि कोणता खर्च कोण करणार हे सरळ वाक्यात लिहून घ्या.

ठसे दिले की ५९ महिने पुन्हा द्यावे लागत नाहीत म्हणतात. पासपोर्ट ३१ जुलैला परत आला. लिफाफा देवघरात ठेवून सासूबाईंनी उघडायला लावला.

निघणं

सर म्हणत होते, भेटीगाठींना संत्रा बर्फी नेऊ, नागपूरची ओळख. मी नियम वाचले. दूध आणि दुधाचे पदार्थ सामानातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. बर्फी मिठाईत मोडते की दुधात, हा वाद कोपनहेगनच्या कस्टमपुढे घालायची माझी तयारी नव्हती. करवती काठाच्या टसरचे बुकमार्क शिवून घेतले, तीस नग. पिशवीत हाताला लागत नाहीत इतके हलके, आणि ते देताना बोलायला विषय मिळतो.

निघायचा दिवस रविवार, ७ सप्टेंबर. आदल्या दिवशी गणपती गेलेले, दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष, आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण. सासूबाईंनी कॅलेंडर समोर धरलं. "पंधरा दिवसांत दुसरा दिवस नाही भेटला काय वं माय?" मी म्हटलं, परिषद युरोपातल्या लोकांनी ठरवलीय, त्यांच्याकडे पंचांग नाही. दुपारी वेध लागायच्या आत जेवायला बसवलं, आणि डब्यातल्या चिवड्यात तुळशीचं पान टाकलं. रात्री अकरानंतर मुंबई विमानतळाच्या काचेतून चंद्र शोधत होते. ढग होते. सरांनी मोबाईलवर पाहिला.

दोहामार्गे कोपनहेगन. प्रवासाचं वर्णन करण्यासारखं काही नाही, पाय सुजले. कोपनहेगन विमानतळाच्या पोटातूनच गोथेनबर्गची गाडी सुटते, समुद्रावरचा पूल ओलांडून, साधारण पावणेचार तास. लुंडचं स्टेशन गेलं तेव्हा सर म्हणाले, इथलं विद्यापीठ १६६६चं. आमच्या नागपुरातलं सगळ्यात जुनं विद्यापीठ १९२३चं, आणि शताब्दीचे मंडप आम्ही अजून विसरलेलो नाही.

पैशांबाबत एकच सांगते. मी अडीच हजार क्रोना रोख नेल्या होत्या आणि जवळजवळ तेवढ्याच परत आणल्या. ट्राममध्ये कार्ड, दुकानात कार्ड, स्टेशनावरच्या स्वच्छतागृहालाही कार्ड. नळाचं पाणी बिनधास्त प्या. साधी कॉफी चारशे रुपयांच्या पुढे, पण खोलीत किटली असेल तर चिवडा आणि इन्स्टंट पोह्यांवर सकाळ निघते. आम्ही शेजारच्या मोल्नडालमध्ये राहिलो, गोथेनबर्गात परवडणारं हॉटेल उरलेलं नव्हतं. मान्यतेची वाट न पाहता रद्द करता येणारं आरक्षण फेब्रुवारीतच करायला हवं होतं.

ते चार दिवस

परिषद स्वेन्स्का मेसान नावाच्या प्रदर्शन केंद्रात होती, लिसेबर्ग या करमणूक उद्यानाजवळच. आत बसलं की मधूनच झुल्यांवरच्या किंकाळ्या ऐकू येतील असं वाटायचं. सातेक हजार माणसं. देशोदेशीची दालनं, मध्ये शेकडो छोटी टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर वीस-तीस मिनिटांच्या भेटी.

गळ्यातला बॅज मोठ्या अक्षरांत. माझ्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात माझं आणि नवऱ्याचं, दोन्ही नावं एकत्र, तीच बॅजवर उतरली. पहिल्याच कॉफीला एका बाईंनी दुसरा शब्द धरला आणि दिवसभर मला माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारली. नोंदणी करताना बॅजवर काय छापायचं ते तपासा.

मंगळवारी संध्याकाळी मी हातात बशी घेऊन खांबाजवळ पाऊण तास उभी होते. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, वर्षानुवर्षं भेटणारे लोक. माझं इंग्रजी टिपणीचं, "विथ रेफरन्स टू द अबव्ह" छापाचं. खोलीवर जाऊन रडावं की झोपावं ठरवत असताना घरून फोन: दोह्यावर हवाई हल्ला झालाय, तू कुठे आहेस? आम्ही आदल्या दिवशीच तिथून पुढे आलो होतो. नवऱ्याला समजावलं, सासूबाईंना समजावलं. त्या म्हणाल्या, "सांगतलं होतं ना." त्या फोनमुळे रडायचं राहून गेलं. (१३ तारखेचं परतीचं विमान दोह्याहून वेळेवर सुटलं.)

बुधवारी नवख्यांसाठीच्या बैठकीत कळलं, खांबाजवळ उभी राहणारी मी एकटी नव्हते. सर आपल्या चौदा भेटींत बुडालेले. माझ्या सहा होत्या, ॲपवरून महिनाभर आधी मागून ठेवलेल्या. वीस जणांना विचारलं तेव्हा सहा मिळाल्या, हेही सांगून ठेवते.

तिसरी भेट पोलंडच्या एका विद्यापीठातल्या बाईंशी. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. पद विचारलं तर म्हणाल्या, प्रवेशाचे कागद बघते. मी म्हटलं, मीही. त्यांनी ब्रोशर बाजूला सारलं, लॅपटॉप उघडला, नाव झाकून एक गुणपत्रिका दाखवली. महाराष्ट्रातली. आपली नेहमीची रचना: आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. बोट ठेवून त्यांनी विचारलं, "चार शब्द आहेत. यातलं आडनाव कोणतं?"

मी बुकमार्कच्या पाकिटावर चार चौकटी काढून दाखवल्या. त्यांनी डोक्याला हात लावला. दोन वर्षं त्या महाराष्ट्रातल्या मुलांच्या फाईली शेवटच्या शब्दाने, म्हणजे आयांच्या नावाने लावत होत्या, आणि पासपोर्टशी जुळत नाहीत म्हणून मुलांना पत्रं पाठवत होत्या. त्यातली काही पत्रं घेऊन पोरं माझ्या खिडकीवर आली असणार! मी इकडे "नाव एकच असल्याबाबत" दाखले देत बसायचे, त्या तिकडे ते कशाबद्दल आहेत हे न कळून बाजूला ठेवायच्या.

मग क्रेडिट. त्यांच्याकडे वर्षाला ६० ईसीटीएस, म्हणजे युरोपीय क्रेडिट, आपल्याकडे नव्या रचनेत ४० ते ४४. सरळ गुणोत्तर लावायचं की तास मोजायचे? त्यांची एक्सेल शीट आणि माझी एक्सेल शीट शेजारी ठेवली, दोघींनी पिवळ्या रंगात तेच रकाने रंगवलेले. भेट वीस मिनिटांची, आम्ही पन्नास बसलो. मी "विथ रेफरन्स टू" एकदाही म्हटलं नाही.

त्यांनीच सांगितलं की युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस या देवाणघेवाण योजनेतून आपल्या संस्थेचे विद्यार्थी, शिक्षक आणि माझ्यासारखे कार्यालयीन कर्मचारीही जाऊ शकतात, कर्मचाऱ्यांना किमान पाच दिवस. पण अर्ज आपण करायचा नसतो, युरोपातल्या भागीदाराने फेब्रुवारीच्या सुमारास करायचा. आमच्याकडे गेली दोन वर्षं त्याचा अर्ज "शोधून ठेवा" असा शेरा फिरत होता.

सगळं असंच गोड नव्हतं. दोन मोठ्या विद्यापीठांच्या माणसांनी क्रमवारी विचारली आणि घड्याळ पाहिलं. एकाला संयुक्त पदवी हवी होती. २०२२च्या यूजीसी नियमांप्रमाणे त्यासाठी आपल्या बाजूला नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात जागा, अशी काही अट लागते आणि समोरचाही क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात हवा. हे मी जागेवरच सांगितलं तेव्हा तो जरा हिरमुसला, पण निदान दोन वर्षांची पत्रापत्री वाचली. परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीवरच्या गप्पांत माझीच भंबेरी उडाली: आपला नवा इमिग्रेशन अँड फॉरिनर्स कायदा १ सप्टेंबरला, निघायच्या आठवडाभर आधी लागू झालेला, मी तो धड वाचलेला नव्हता.

सहापैकी आजवर उत्तरं येतात दोघांची. सरांच्या चौदापैकी तिघांची.

परत आल्यावर

अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा होता, दिला. प्रवासभत्त्याचं बिल ऑक्टोबरात दिलं, बोर्डिंग पास जपून ठेवलेले, मूळ प्रती जोडल्या. (मोबाईलवरचे पास असतील तर काउंटरवरून छापील मागून घ्या, लेखापरीक्षकाला मोबाईल दाखवता येत नाही.) नोव्हेंबरात बिल आक्षेपासह परत आलं: ट्राम व रेल्वेच्या पावत्या परकीय भाषेत असून त्यांचे प्रमाणित मराठी भाषांतर जोडावे.

नागपुरात स्वीडिश भाषांतरकार कुठे शोधू? विचारलं, प्रमाणित कोण करणार? उत्तर आलं, संबंधित कक्ष अधिकारी. म्हणजे मी. सात पावत्या होत्या. 'बिल्येत' म्हणजे तिकीट, 'वुक्सेन' म्हणजे प्रौढ, 'मोम्स' म्हणजे आपला जीएसटी. मोबाईलवर एकेक शब्द पाहून सात पानं मराठीत लिहिली, प्रत्येकाखाली "भाषांतर मूळ प्रतीनुसार बरोबर आहे" लिहून सही केली, कक्षाचा गोल शिक्का मारला. बिल सध्या दुसऱ्या टेबलावर आहे.